मशीनच्या पाठीवरचा कागद

बाबांच्या तेरवीला एकच दिवस उरला होता आणि त्यांच्या फोटोची चौकट काही केल्या माझ्याच्याने गुण्यात येत नव्हती. काटकोन तपासायचं अवजार म्हणजे गुण्या. सांधा बरोबर बसला की आम्ही सुतार ‘गुण्यात आला’ म्हणतो. मालेगावच्या आमच्या दुकानात कापायचं काम बाबांचं, जोडायचं आणि पॉलिशचं माझं. त्यांनी कापलेले कोपरे इतके मुकाट जुळायचे की मला वाटे, मीच फार हुशार आहे.

चौकटीला सागवानाची एकच पट्टी होती. बाबांनी स्वतः रंधा मारून ती माळ्यावर ठेवलेली. कुणी मागितली तर म्हणायचे, “ते नाही भेटत. ते माह्या फोटोले ठेवलं हाये.” गिऱ्हाईक हसायचं, आई चिडायची. फोटो आईनेच निवडला: खुर्चीत बसलेले बाबा, दोन्ही हात मांडीवर. चार बाजू कापून पट्टीत बोटभरही लाकूड उरणार नव्हतं.

मी कटर मशीनचा काटा पंचेचाळीसवर लावला आणि बिनधास्त चारही तुकडे कापले. जोडले तर तीन कोपरे बंद, चौथ्यात नख जाईल एवढी फट. पुन्हा सगळी टोकं जराशी छाटली. फट तशीच, चौकट मात्र लहान. काटा केसभर पुढे न्यावा तर तो घसरून परत पंचेचाळीसच्या खाचेत. दाबून धरला आणि कापलं, तर फट दुसऱ्या अंगाला निघाली. दर चुकीला चौकटीची खालची कड फोटोवर चढत होती, बाबांच्या हातांकडे. मला रडू फुटलं. मशीनला मी अशा शिव्या घातल्या की शेजारचा वेल्डिंगवाला काम थांबवून बघू लागला.

भुसा आणि गोंद भरून फट बुजवता आली असती. पण असं कुणी केलं की बाबा विचारायचे, “हे सुतारकाम हाये का सारवन?” त्यांच्याच फोटोला सारवण करायची माझी छाती झाली नाही.

आई चहा घेऊन आली. मशीनकडे पाहून म्हणाली, “अन् तो कागद काहून काढला?”

“कोणता कागद?”

“लाकूड टेकवतेत त्या मांगच्या लोखंडाले चिपकवला होता तो. मशीन वाकडं हाये म्हनत ते. कागदावर टेकवूनच कापत.”

दारात बसलेली आत्या, बाबांची बहीण, दचकली. “म्या काढला. दहाव्याले दुकान धुतलं ना आपन? तेलकट, कळकट दिसला, खरवडून फेकला. सुतकातली घान कायले ठेवाची?”

भावाच्या दुकानाची फरशी तिने रडत रडत धुतली होती. मी नालीपर्यंत जाऊन शोधलं. कागद गेला होता. त्याच्या घड्या किती, हे सांगणारा माणूस फोटोत बसला होता.

मग कॅलेंडरचं पान फाडलं, घडी घालून मशीनच्या त्या लोखंडी पाठीला लावलं. आता शहाणपण सुचलं आणि आधी फालतू लाकडावर कापून पाहिलं. घडी जाड झाली, उलगडली. पातळ झाली, दुमडली. कितीतरी तुकडे वाया गेल्यावर एक जोड असा बसला की गुण्याआडून उजेड दिसेना. तेव्हा कुठे सागवान पुन्हा मशीनवर घेतलं. चारही कोपरे बंद आले, बाबांनी कापल्यासारखे.

तेरवीच्या सकाळी फोटो भिंतीवर लागला. कुणीतरी पाहावं म्हणून मी उगाच कोपऱ्यांवरून अंगठा फिरवत राहिलो. आईने हार घातला, मागे सरकून पाहिलं. कोपऱ्यांकडे तिचं लक्षच नव्हतं.

“अन् हात कुठी गेले त्याइचे?”