खुरट्या गवताची मैदानं

रनाळ्यात घरी बसून मी एका प्रवास कंपनीसाठी परदेशी सहली आखतो. समुद्र मी अजून पाहिलेला नाही. एकदा खडकाळ किनाऱ्यावरच्या सहलीसाठी गोल्फची मैदानं निवडायची होती. आमच्याकडे शेत बघतात तशीच मी ती फोटोंत बघितली. हिरवं तिथं पाणी, तेव्हा हिरवी तीच चांगली. सगळी यादी परत आली. गिऱ्हाइकांना म्हणे खुरटं गवत, उघडे खडक आणि बोचरा वारा हवा होता. डोकंच फिरलं माझं. वडिलांना सांगितलं, तर खिडकीतून समोरच्या माळाकडे बघत ते म्हणाले, "उजाड देखाले लोक इतला दूर जातस?"

मी हिरवी मैदानं एकेक करून पुसली. पुसताना कळलं, ती मी माझ्यासाठी निवडली होती.