खोक्याची मागची बाजू

इथे कुवेतमध्ये फिंतासच्या एका दुकानदाराने मला फसवले. भिंतीच्या तळाशी बसवलेल्या विजेच्या हीटरसाठी, वेळ लावून ठेवता येईल असा थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या उबेवर हीटर चालू-बंद करणारे यंत्र, हवा, हे मी त्याला तीनदा सांगितले होते. मी घासाघीस केली, त्याने चटकन भाव उतरवला आणि मी खुशीत मंगफला घरी आलो.

आमच्या बिल्डिंगचा इलेक्ट्रिशियन चिपळूणकडचा. कुठलीही वस्तू हातात दिली की आधी उलटी करतो, चष्मा कपाळावर सरकवतो आणि मागची बारीक अक्षरे ओठ हलवत वाचतो. तोवर चहालाही हात लावत नाही. मी दरवेळी चिडतो. हा थर्मोस्टॅट बसवायला बोलावले तेव्हाही चिडलो.

"अहो, बसवा लवकर! पोरीच्या खोलीत गारठा आहे."

"साहेब, हा चोवीस व्होल्टचा. तुमच्या हीटरला थेट दोनशे चाळीस येतात. लावला असता तर पोरीच्या उशाशीच पेटला असता."

माझा जीव भांड्यात पडला. त्याने खोका नीट बंद केला आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला.

दुसऱ्या दिवशी तोच माझ्याबरोबर बाजारात आला आणि योग्य थर्मोस्टॅट निवडून, बसवून गेला. मुलगी आता उबेत झोपते. फिंतासचा दुकानदार मात्र नुसते "बदलून घ्या" म्हणतो. मी त्याला म्हणतो, बदलीन नंतर. आधी माझ्या मुलीसमोर उभे राहून सांग, तीनदा ऐकूनही हा का दिलास?