दादाचं दगडी टेबल आणि माळकरी मामा

मंडळी, आज दुपारी शिरूरला आमच्या घरी जे झालं, त्यावर तुमचं मत हवं आहे.

दादाने हौसेने काळ्या दगडाचं जेवणाचं टेबल आणलं. पॉलिश केलेल्या दगडात पांढरी वेटोळी दिसतात. त्यावर पहिलं जेवण दौंडहून आलेल्या आत्याचं आणि तिच्या यजमानांचं, म्हणजे आमच्या मामांचं. मामा माळकरी, मांसमच्छी वर्ज्य.

"नक्षी कुणी कोरली रं?" मामांनी विचारलं. दादाने मला डोळ्यांनी खुणावलं, सांगू नको. माझे पहिले धडे घरीच, आईकडे झाले. तिला लपवाछपवी कधी चालली नाही. मी म्हणाले, "नक्षी नाही मामा. समुद्रातले शंखवाले जीव आहेत, मरून दगड झालेले."

मामांनी हात मागे घेतला. "मेल्या जिवावर ताट? न्हाई जमायचं."

दादाचा चेहरा पडला. आत्या म्हणाली, "अवो, आपल्या देवघरातल्या शाळिग्रामात बी असंच चक्र हाय की!"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "व्हय का गं?"

"हो मामा. तोही तसाच जीव."

मामा उठले, टेबलाच्या पाया पडले आणि ताट घेऊन खाली बसले. "मग देवावर खरकटं कसं सांडायचं?"

आता आईने टेबलावर फूल वाहिलंय. दादा माझ्याशी बोलत नाही. विचारलेलं खरं सांगताना तुम्ही कुठे थांबता?