पुसलेलं घर

दोरीवर कपडे टाकण्याआधी शेजारच्या मावशी दोरीवरून बोट फिरवायच्या आणि ते काळं बोट कुंपणावरून माझ्या नाकासमोर धरायच्या. "बघ गं, सकाळीच पुसलीय. आली का नाय मेली परत?"

मेली म्हणजे राख. आमच्या वस्तीमागे कोळशावर चालणारं मोठं वीजकेंद्र आहे. वारा आमच्याकडे फिरला की राख पापडांवर, पाण्याच्या पिंपात, बाळाच्या पाळण्यात. मी आनंदनगरला पॅकिंगच्या कामाला जाते. घरी आल्यावर पुसायचं जिवावर येतं. मावशी दिवसातून चारदा पुसायच्या. तुमच्याही शेजारी अशी बाई असेल, पाहुण्याने पेला ठेवला की लगेच विसळायला नेणारी.

त्यांचा मुलगा मांजर्लीला आपल्याकडे राहायला बोलवायचा. "तिथं पावसात घरात चिखल," त्या म्हणायच्या. "राख निदान झाडता तरी येते."

मग खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, धूळ टाळा. मावशींनी विचारलं, "मग श्वास कुठं जाऊन घेऊ, तेवढं पण लिवून द्या."

त्यांना एकच हवं होतं. कुणीतरी सरकारी माणसाने येऊन, डोळ्यांनी बघून, इथे राख पडते असं कागदावर लिहावं. अर्ज मी लिहायचे, सही त्यांची. तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं: गुरुवारी पाहणी. मावशींनी आख्ख्या आळीला ते पत्र दाखवलं.

गुरुवारी मी अर्धी रजा टाकली. साहेबांच्या मागोमाग दारात पोचले आणि उंबऱ्यातच थांबले. घर लखलखत होतं. ओटा धुतलेला, खिडक्या पुसलेल्या, तुळशीचं पान न् पान धुतलेलं, खाटेवर नवी चादर. त्यात वाराही नेमका उलटा. साहेबांनी फळीवर हात फिरवला, फोटो काढले, चहा घेतला. केंद्राच्या चिमणीचा धूर ठरलेल्या मर्यादेत बसतो म्हणाले. कागदावर लिहिलं: राख आढळली नाही.

"अहो मावशी, हे काय करून बसलात!" मी ओरडलेच.

"अगं, सायेब येनार होते. पाहुन्यांसमोर घान घर ठेवू?"

बोलता बोलताच त्यांना कळलं. त्या मटकन खाटेवर बसल्या. मी तेव्हा ओरडायला नको होतं, हे मला अजून सलतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पुसणं सोडलं. "पुढल्या टायमाला दिसली पायजे." मी फडकं घेतलं की हातातून ओढून घ्यायच्या. भांडी, देव, चादर, सगळ्यावर थर चढला. जमिनीवर त्यांच्याच पावलांचे ठसे. ज्या बाईला एक डाग खपायचा नाही ती त्या घरात खोकत बसून राहायची, दाराकडे बघत. मी आणखी दोन अर्ज पाठवले. उत्तर आलं नाही. येणार नाही हे मला माहीत होतं. त्यांना सांगायची हिंमत झाली नाही.

श्रावणात त्या गेल्या. तिरडी वळणापलीकडे गेली आणि रीतीप्रमाणे आम्ही बायकांनी घर धुवायला घेतलं. फळ्या, खिडक्या, जमीन. मावशींनी साहेबांसाठी जपून ठेवलेलं सगळं काळं पाणी होऊन मोरीतून गेलं. बादली माझ्या हातात होती. कुणाच्याच काही लक्षात आलं नाही, आणि मीही थांबले नाही.