मामाने पारखलेली गिटार

परदेशातून आलेल्या स्वस्त गिटारी मानकोलीच्या एका गोदामात मिळतात असं कळलं, म्हणून मी मामाला घेऊन गेलो. मामाचं आयुष्य कापड विणायच्या लूमवर गेलेलं. गिटारीतलं आम्हा दोघांनाही काही कळत नव्हतं, पण मामा ते मान्य करणाऱ्यातला नव्हता. गोदामवाल्याने आधी महागातली गिटार दाखवली. मामाने सूत तपासतात तशी तिची तार बोटात अडकवली आणि जोरात खेचली. टण्णकन तुटली.

"माल कच्चा हाय," मामा म्हणाला.

"चाचा, ये बजाने का है, खींचने का नहीं!" गोदामवाला ओरडला.

तोवर मामाने सगळ्यात स्वस्तातली उचलली होती. तिची तार काही केल्या तुटेना. मामा घामाघूम झाला आणि खूशही. "हीच घे!"

घरी वाजवायला बसलो, तर तारा लाकडापासून इतक्या वर, की दाबून दाबून माझी बोटं सुजली. मी मामाकडे तक्रार केली. त्याने तारांखालून बोट आरपार घालून पाहिलं.

"चांगलंच हाय की," तो म्हणाला, "पुसायला फडका आरामात जातो."