काकूंना दिलेली परवानग्यांची यादी

त्या महिन्यात माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, हे आधीच कबूल करते. इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून मी एका कारखान्याचं जुनाट सॉफ्टवेअर निस्तरत होते. त्यात प्रोग्रामच्या प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर परवानग्या लिहिलेल्या होत्या. याला ही फाइल वाचू द्या, त्याला प्रिंटरला हात लावू देऊ नका, असं. माझ्या आधीच्या महाभागाने सगळी उत्तरं नुसता मजकूर म्हणून साठवलेली. 'नाही' लिहिलेलं असलं, तरी काहीतरी लिहिलंय ना, एवढंच बघून प्रोग्राम म्हणायचा, हो! म्हणजे ज्याला मनाई, त्यालाच दार सताड उघडं. दोन आठवडे डोकं फोडल्यावर मी नियम केला: प्रत्येक परवानगीला आधी नाव, मग प्रकार, मग उत्तर. प्रकार म्हणजे उत्तर 'हो किंवा नाही' असं हवंय, आकड्यात हवंय की शब्दांत. आणि यादीत जे नाही, त्याला मनाई. धडाधड सगळं चालायला लागलं. ऑफिसातल्या सरांनी कौतुक केलं आणि मी हवेत गेले.

नेमकं तेव्हाच आईला घेऊन वणीला गडावर जायचं ठरलं. दर्शन, मग देवळ्याला मावशीकडे मुक्काम, असे तीन दिवस. आम्ही गावाला निघालो की घराची दुसरी चावी समोरच्या काकूंकडे. वीस वर्षांची रीत. आई दारातून नुसती चावी पुढे करायची, काकू नुसती घ्यायच्या, मध्ये एक शब्द नाही. आईला सख्खी म्हणावी अशी तीच एक मैत्रीण.

आणि मी शहाणीने काय करावं? चावीबरोबर काकूंच्या हातात छापील कागद दिला!

'तुळशीला पाणी. प्रकार: हो-नाही. उत्तर: हो.'

'दुधाच्या पिशव्या. प्रकार: आकडा. उत्तर: एक.'

'गॅलरीचं दार रात्री उघडं. प्रकार: हो-नाही. उत्तर: नाही.'

अशा बारा ओळी आणि तळाशी ठळक अक्षरात: 'यादीत नसलेल्या गोष्टीस परवानगी नाही.'

काकूंनी चष्मा लावून सगळं वाचलं, कागदाची घडी घातली आणि "बरं" म्हणाल्या. एवढंच. एरवी कागद दिसला की तासभर बोलणाऱ्या काकू आणि एवढंच!

रिक्षात बसल्या बसल्या आईने तोंड उघडलं. "परत आलो की त्या चावी आणून देतील आणि पुन्हा कधी घ्यायच्या नाहीत बघ. वीस वर्षांचं माणूस घालवलंस."

"अगं, त्यांचीच सोय आहे त्यात," मी म्हटलं. आईने तोंड खिडकीकडे फिरवायचं म्हणून फिरवलं, पण रिक्षाला खिडकी नव्हती, त्यामुळे ती बाजूच्या स्कूटरवाल्याकडे रागाने बघत बसली.

गडावर आम्ही दर्शनाच्या रांगेत, आणि काकूंचा फोन.

"तुमच्या स्वयंपाकघरातला नळ उघडा राहिलाय. सिंकमध्ये परात अडकलीये आणि पाणी ओट्यावरून खाली येतंय."

निघताना नळाला पाणी नव्हतं, तो मीच उघडा टाकलेला. "अहो काकू, बंद करा ना!"

"यादीत नाहीये ते."

"मी सांगतेय ना!"

"लेखी पाठव. प्रकारासकट."

मी चालत्या रांगेत, मागच्या बाईंचं नारळाचं ताट पाठीला टोचत असताना टाइप केलं: 'नळ बंद करणे. प्रकार: हो-नाही. उत्तर: हो.'

उत्तर आलं: 'कुठला नळ? नाव नाही.'

'स्वयंपाकघरातला!!'

'किती फिरवू? आकडा दे.'

मागच्या बाई म्हणाल्या, "ताई, पुढं सरका की!" आई एकेक मेसेज खांद्यावरून वाचत होती. नळ बंद होईपर्यंत पाणी हॉलमधल्या दिवाणापर्यंत पोचलं होतं.

देवळ्यात आईने मावशीपुढे माझं गाऱ्हाणं मांडलं. मावशीने सगळं ऐकून घेतलं, म्हणाली, "लय शिकली हे तुझी पोरगी," आणि समजूत म्हणून कांद्याची गोणी आमच्या एसटीत चढवली. काकूंनी खरंच चावी कायमची परत दिली तर आई मला जन्मात माफ करणार नव्हती, आणि बरोबरच होतं तिचं.

घरी पोचलो. तुळस टवटवीत, दुधाची पिशवी एक, फरशी कोरडी. आणि पाचच मिनिटांत काकू दारात. एका हातात चावी, दुसऱ्या हातात कागद, बाराही ओळींपुढे बरोबरच्या खुणा.

"घे. जमायचं नाही मला आता."

"काकू, चुकलं माझं. गाढव आहे मी."

"नळाचं मी मुद्दाम केलं," काकू म्हणाल्या. "राग आला होता, खोटं कशाला बोलू? त्याचं काही नाही, फरशी मीच पुसली. पण तुम्ही गावाला गेलात ना, की मी दुपारी इथे येऊन बसते. हे गेल्यापासून घर खायला उठतं गं. इथे तुझ्या आईचं विणकाम पडलेलं असतं, चष्म्याचं घर असतं. आत्ताच उठून आत गेलीये, असं वाटतं. या वेळी सगळी यादी दोनदा वाचली. बसणं नव्हतं त्यात."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बारा ओळी लिहिल्या होत्या मी, बारा! आईला तरी हे कुठे माहीत होतं? ती पिशव्या हातात तशाच धरून उभी होती.

काकूंनी चावी पुढे केली. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"घे की गं, हात दुखतोय माझा."

"नाही घेणार."

"अगं, वय काय तुझं!"

"नाही म्हणजे नाही!"

आईने पिशव्या खाली ठेवल्या, दिवाणावरची चादर झटकली आणि स्वतः एका कडेला सरकून बसली. काकूंनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग चावी कमरेला खोचली आणि बसल्या.