काजलचे बंट कुणाच्या खात्यात?

तुम्ही कधी मुद्दाम आऊट झालात का? दुसरीला पुढं सरकता यावं म्हणून, सगळ्या मैदानादेखत, मान खाली घालून परत आलात का? नसाल, तर काजलच्या आकड्यांना नावं ठेवू नका. आधी ऐका.

काजल काटोलची. आता वाडीत भाड्याची खोली, आणि तिथल्याच गोदामात पार्सलांवर चिठ्ठ्या डकवायचं काम. पण सकाळ सॉफ्टबॉलची. बेसबॉलचीच धाकटी बहीण म्हणा: चेंडू हाणायचा, चार बेस पळून घरी यायचं, की एक रन. पोरगी हाणायची बी दणकून. पण तिचे कोच मुकुंद सर, त्यांना तिच्यात भलताच गुण सापडला. बंट. बॅट आडवी धरायची आणि चेंडू पायाशी निपचित पाडायचा. समोरचे तो उचलून तुम्हाला आऊट करतात, तेवढ्यात बेसवर उभी असलेली आपली पोरगी एक बेस पुढं सरकते.

"सर, आज मले मारू द्या ना."

"अन् वैभवी तिसऱ्या बेसवर म्हातारी होईन का? टाक बंट!"

सरांचा हात टोपीला लागला की तो हुकूम. पाच वर्षं काजलनं तो मोडला नाही. संघातली वैभवी घरी पोचायची, पेपरात फोटो वैभवीचा. काजल धूळ झटकत बाकावर.

यंदा राज्याच्या संघाची निवड आली. पुढच्या वर्षी काजल वयात बसणार नाही. संघात आली तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला अर्ज करता येईल, गोदाम सुटेल. नाहीतर चिठ्ठ्या आहेतच.

भिंतीवर यादी लागली. बॅटिंगच्या शंभर खेपांत लीगमधल्या पोरींचे सरासरी सव्वीस हिट, म्हणजे सव्वीसदा फटका मारून बेस गाठला. काजलचे चोवीस. लीगच्या सरासरीखाली, म्हणून बाहेर. वैभवी आत.

घोळ कुठं आहे ते तिला तिथंच कळलं. बंट टाकून कुणाला पुढं सरकवलं, तर ती खेप सरासरीत धरायचीच नसते, असा या खेळाचा नियम. पण आपल्या लीगचे आकडे लिहिणारा माणूस जन्मभर क्रिकेटचा. त्याच्या लेखी आऊट म्हणजे आऊट, विषय संपला.

ती थेट निवड समितीच्या धर्मेंद्र सरांपुढं जाऊन उभी राहिली. मुकुंद सर आणि वैभवी तिथंच होते.

"सर, माझे बंट काढून मोजा. शंभराले एकतीस येते."

"नियम बरोबर आहे तुझा. पण सगळ्यायले एकच माप लावलं ना? मंग तू काहून भांडून राहिली?"

"माप एकच लावलं सर. पण बंट टाकाले सगळ्यायले लावलं का?"

धर्मेंद्र सरांनी मुकुंद सरांकडं पाहिलं. 'बंट मीच टाकाले लावले' एवढं एक वाक्य पुरलं असतं. मुकुंद सर खाली बघत म्हणाले, "जाऊ दे काजल. यादी परत उघडली तर वैभवीचं बी नाव अडकीन." आणि सवयीनं त्यांचा हात टोपीकडं गेला.

काजलनं तो हात पाहिला. मैदान संपलं, तरी हुकूम तोच.

"आज टोपीले हात नका लावू सर," ती म्हणाली. आणि जागची हलली नाही.

मग वैभवीच पुढं आली. "अडकू द्या माझं नाव. मले तिसऱ्या बेसवर उभं राहाची सवय आहे. काजल, लिही वं अर्ज."

अर्ज गेला आहे. पहिली सही वैभवीची. मुकुंद सरांची अजून नाही. रविवारी सकाळी समिती बसते आहे, आणि समिती म्हणते, ते आऊट बंटचेच होते याला पुरावा काय?

पुरावा तुम्ही आहात. लीगचा एक जरी सामना तुम्ही कुंपणाशी उभं राहून पाहिला असेल, तर रविवारी समितीपुढं या, आणि काजल आऊट झाली तेव्हा घरी कोण पोचलं, एवढंच त्यांच्या तोंडावर सांगा.